चंपाचा पगार

रघुपतीरावांना फक्त एक आकडा पाहिजे होता. सोनं नको, फ्लॅट नको, आणि प्रमोशन तर त्यांनी केव्हाच देवावर सोडून दिलं होतं. शेतकीची डिग्री घेतलेल्या माणसाला महिन्याला हातात किती पडतात, एवढंच कुणीतरी खरं सांगावं. आणि एवढ्या मोठ्या बेंगळुरात, जिथे ऑटोत शेजारी बसलेला अनोळखी माणूस न विचारता आपल्या मूळव्याधीपासून घटस्फोटापर्यंत सगळं सांगून उतरतो, तिथे हा एक आकडा सांगायला कुणी तयार नव्हतं.

झालं होतं असं, की हर्षिताला बी.एस्सी. ॲग्रीची सीट लागली होती. हर्षिता म्हणजे त्यांची एकुलती एक पोरगी. यशवंतपूरच्या मार्केटात भाजी आणायला पाठवली तर भाजी विसरायची, आणि कांद्याच्या गोणीत बुरशी कुठून शिरली यावरून दलालाशी भांडून यायची. सरकारी कॉलेज थोडक्यात हुकलं. लागलं ते गावाबाहेरचं खाजगी. फी, हॉस्टेल, मेस धरून चार वर्षांचे सात लाख. सात लाख घरात नव्हते, म्हणजे बँकेचं कर्ज. कोर्स संपला की व्याज चढलेला हप्ता, महिन्याला साडेतेरा हजार, पुढची दहा वर्षं.

रघुपतीराव पाइपांच्या गोडाउनमध्ये अकाउंट्स बघायचे. अशा माणसाला पोरगी पण बॅलन्सशीटच्या कुठल्या बाजूला बसवायची हा प्रश्न पडतो. त्यांनी घरात नियम जाहीर केला. "हप्त्याच्या तिप्पट पगार मिळत असेल तर कर्ज. नाहीतर बेडा, नको."

बोलले असे, की जणू हे वेदात लिहिलंय.

"तिप्पट म्हणजे चाळीस हजार," ते म्हणाले. "ॲग्रीवाल्याला चाळीस मिळत असतील तर मी सही करतो. नसतील तर कोपऱ्यावरच्या कॉलेजात बी.कॉम."

"आणि एकोणचाळीस मिळत असतील तर, अप्पा?"

"तर बी.कॉम."

"मी बी.कॉम. केलं ना, तर तुमच्यासारखी होईन," हर्षिता म्हणाली आणि दार आपटून गेली. रघुपतीरावांना हे कौतुक वाटलं. राजलक्ष्मीनं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, ते कौतुक नव्हतं हे समजावून सांगितलं नाही. तिला बरीच कामं होती.

फी भरायला पंधरा दिवस होते. रघुपतीरावांनी आधी इंटरनेटला विचारलं. इंटरनेट म्हणालं, वर्षाला दोन लाख ते वीस लाख. म्हणजे डॉक्टरला ताप किती आहे विचारावं, आणि त्यानं म्हणावं, थर्मामीटरवर जे आकडे आहेत त्यातलाच एक. मग त्यांनी कॉलेजात फोन केला. तिकडची पोरगी गोड आवाजात म्हणाली, "सर, स्काय इज द लिमिट!" आकाशाचा हप्ता कापून घेत नाही बँक, असं त्यांना म्हणायचं होतं, पण तोवर तिनं ॲडव्हान्स कधी भरणार ते विचारलं. मग गोडाउनच्या सेल्समधला एक जण, जो स्वतः ॲग्री झाला होता आणि आता पाइप विकत होता, त्याला गाठलं. तो म्हणाला, "नडीतिदे सार." चाललंय, साहेब. किती चाललंय? "स्वल्प स्वल्प." एवढं बोलून तो पाइपांच्या मागे गेला तो जेवणाच्या सुट्टीपर्यंत बाहेर आला नाही.

आता यातून मार्ग दाखवला महानंदा अक्कांनी.

महानंदा अक्का शेजारच्या. मूळच्या निपाणीकडच्या, नवऱ्याच्या नोकरीपायी बेंगळुरात आल्या आणि नवरा रिटायर झाला तरी त्या झाल्या नाहीत. मराठी मंडळाचा वधू-वर विभाग त्याच चालवायच्या, म्हणजे सगळी स्थळं त्यांच्या फोनमध्ये होती आणि फोन कायम त्यांच्या कमरेला. गल्लीत कुणाकडे दूध नासलं तरी त्यांना आधी कळायचं.

"अण्णा, तुमी येडं हायसा का?" त्या गेटवरूनच म्हणाल्या. "असा कोण पगार सांगतोय? आपल्या मानसाला पगार इचारायची देवानं एकच जागा ठेवलीया. स्थळ बगताना. तिथं इचारला न्हाई तर उलट राग येतोय लोकास्नी. माझ्याकडं ॲग्री झालेली पोरं हायत की चार-पाच. तुमच्या नात्यात कोन लग्नाची पोरगी न्हाई?"

खरं उत्तर होतं, नाही. पण रघुपतीरावांच्या डोक्यात त्या क्षणी जे लखलखलं, त्याला ते आजही 'आयडिया' म्हणतात.

"आहे ना," ते म्हणाले. "पुतणी. चंपा. तुमकूरला असते."

रघुपतीरावांना भाऊच नव्हता. सख्खा नाही, चुलत नाही. पण चंपा झाली. बिनआईबापाची, एका वाक्यात, गेटवर.

"मग बायोडाटा द्या. आन् फोटो. फोटोबिगर पान हालत न्हाई."

बायोडाटा त्यांनी ऑफिसात बसून केला. चंपा, वय चोवीस, बी.एस्सी. ॲग्री, खाजगी नोकरी, स्वभाव मनमिळाऊ. ॲग्री कशाला, तर ॲग्रीवाल्यांना ॲग्रीवाली आवडेल म्हणून. फोटो मात्र अडला. लोकांच्या पोरींचे फोटो काढून लावणं हा गुन्हा आहे हे त्यांना ठाऊक होतं. सज्जन माणूस. म्हणून राजलक्ष्मी मार्केटला गेल्यावर त्यांनी कपाटातला अल्बम काढला आणि त्यातला लग्नाआधीचा तिचा फोटो मोबाइलनं टिपला. लालबागच्या काचघरासमोर, जांभळी साडी, हातात पर्स, मान थोडी तिरकी. जुना वाटू नये म्हणून फोनमधलं ते चेहरा उजळायचं बटण दाबलं. गाल असे झाले की म्हैसूरच्या राजवाड्यावर रविवारी दिवे लागलेत. पाठवून दिला.

आपल्याच बायकोचं स्थळ बाजारात मांडणारा नवरा बेंगळुरात दुसरा नसेल. पण त्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ते म्हणायचे, हा सर्व्हे आहे.

पहिलं स्थळ कोरमंगलाचं. शौर्य नावाचा पोरगा, शेतमालाच्या कुठल्याशा स्टार्टअपमध्ये. राहायचा पीजीत. एका खोलीत तीन खाटा आणि बसायला जागा नाही, म्हणून रघुपतीराव मधल्या खाटेवर बसले आणि कुणाच्या तरी ओल्या टॉवेलवर बसले. कॉफी ॲपवरून मागवली. ती आणणाऱ्याला लिफ्ट सापडेना, म्हणून ती थंड होऊन आली.

"पगार?" रघुपतीरावांनी विचारलं. आणि काय सांगू, विचारता आलं! तोंड उघडून, सरळ! समोरच्यानं पाइपांमागे उडी मारली नाही. त्यांचे डोळे भरून आले.

"ऐंशी, अंकल," शौर्य म्हणाला.

"हातात?"

"हातात म्हणजे, तसं... व्हेरिएबल असतं."

तेवढ्यात पलीकडच्या खाटेवरचा पोरगा म्हणाला, "मचा, करंट बिलाचे तुझे चारशे?" आणि शौर्य म्हणाला, "पगार झाला की देतो रे." रघुपतीरावांनी हे कानांनी ऐकलं. पण डोक्यात ऐंशी लिहून झालं होतं, आणि अकाउंट्सवाला माणूस शाईनं लिहिलेलं खोडत नाही.

दुसरं स्थळ हेब्बाळचं. पोरगा दयानंद, खत कंपनीत. पण दयानंद बोललाच नाही, बोलले त्याचे वडील. पोराला पगार साठ, पोराला सर्दी होत नाही, पोराला शेवग्याच्या शेंगा आवडतात, सगळं तेच. दयानंद सोफ्याच्या टोकावर बसून उशीचा कोपरा उसवत होता. रघुपतीराव खूश. ऐंशी आणि साठ! उठायला लागले तर वडील म्हणाले, "आणि तुमच्या मुलीला किती?"

आता इथे सांगायचं ना, की नोकरी नवीन आहे, विचारून सांगतो. पण समोर साठ बसलेले, सोफा लेदरचा, भिंतीवर मोठा टीव्ही. रघुपतीरावांना वाटलं, आपल्या पुतणीला हे लोक कमी समजतायत. जी पुतणी जन्मालाच आली नव्हती, तिच्या अपमानानं त्यांचे कान लाल झाले.

"पंचेचाळीस," ते ताठ बसून म्हणाले.

बसमध्ये परत येताना त्यांना चंपाचा अभिमान वाटत होता.

त्यानंतर तीन दिवसांनी संध्याकाळी महानंदा अक्का घरात आल्या त्या धापा टाकतच. रघुपतीराव, राजलक्ष्मी आणि हर्षिता, तिघंही घरात.

"अण्णा, आयकलासा का? हेब्बाळकडं बोलत हुत्या बायका. ॲग्री झालेली एक पोरगी हाय म्हनं, आपल्यातलीच, पासष्ट हजार उचलतीया! पोरगी! आन् तुमी इथं बसलासा तिप्पट-चौपट करत."

रघुपतीराव खुर्चीतून उठले. ऐंशी, साठ, पासष्ट. तिन्हींची सरासरी त्यांनी तोंडी काढली, ती अडुसष्टच्या घरात गेली. चाळीस पाहिजे होते, अडुसष्ट! त्यांनी देवासमोर हात जोडले, मग हर्षितासमोर बोट नाचवलं.

"मी म्हणालो होतो ना? मी कधी शेतकीला वाईट म्हटलंय? उद्या बँक! सही!"

हर्षितानं किंचाळून त्यांना मिठी मारली. राजलक्ष्मीनं लगेच शेवयांचं पायस टाकलं, भरपूर काजू घालून. अक्का जायच्या होत्या त्या काजू बघून बसल्या. घरात इतका आनंद झाला होता तो मागे कधी, तर वरच्या मजल्यावरचे ड्रम वाजवणारे भाडेकरू सोडून गेले तेव्हा.

पायसची वाटी हातात घेऊन हर्षिता म्हणाली, "अक्का, त्या मुलीचा नंबर मिळेल? मला बोलायचंय तिच्याशी. कुठल्या कॉलेजची, काय काम करते, सगळं."

"नाव ठावं न्हाई गं. थांब, इचारते." अक्कांनी फोन काढला, दोन बोटांनी टाइप केलं. टिंग वाजलं. तिकडून फोटो आला. अक्कांनी फोन डोळ्यांपासून लांब धरला, मग जवळ धरला.

"अगं बाई! अण्णा, ही तर तुमचीच चंपा की!"

रघुपतीरावांच्या हातातला चमचा वाटीत बुडाला. पंचेचाळीस हेब्बाळहून निघाले होते, वाटेत बायकाबायकांत फिरून पासष्ट झाले होते, आणि नाव-गाव गळून त्यांच्याच दारात पुरावा म्हणून उभे राहिले होते. आणि त्यांनी त्या पुराव्याला पायस खाऊ घातलं होतं.

"कोण चंपा?" राजलक्ष्मीनं विचारलं.

"अण्णांची पुतनी. तुमकूरची."

"यांना भाऊच नाही."

मग फक्त काजू चावल्याचा आवाज आला. तो अक्कांचा. राजलक्ष्मीनं चष्मा लावला, फोन घेतला, आणि दोन बोटांनी फोटो मोठा केला.

"ही साडी माझी आहे," ती म्हणाली. "ही पर्स माझी आहे. अहो, ही मी आहे!"

रघुपतीरावांनी सगळं सांगितलं. सर्व्हे हा शब्द चार वेळा वापरला, काही उपयोग झाला नाही. सांगून झाल्यावर त्यांनी मान खाली घातली आणि वीज पडायची वाट बघितली.

"किती आली?" राजलक्ष्मी म्हणाली.

"काय?"

"मला. स्थळं किती आली?"

"...नऊ. फोनवर. अजून येतायत."

"नऊ!" ती म्हणाली, आणि फोन परत देण्याआधी तो फोटो तिनं स्वतःला पाठवून घेतला.

अक्का मात्र चिडल्या होत्या. त्यांच्या विभागाची अब्रू गेली होती. पण त्या कशावर चिडल्या ते बघा. "चंपा खोटी ते असू दे. पर तुमी त्या पोरांनी सांगितलेले पगार खरं धरलासा? अण्णा! स्थळाचा पगार निम्मा करायचा असतोय! पोराकडले दुप्पट सांगत्यात, पोरीकडले निम्मा धरत्यात. सगळ्यास्नी ठावं हाय. म्हनून तर आपल्यात कोन खोटं बोलत न्हाई."

"असं कुठे असतं?" रघुपतीराव म्हणाले.

"असतं," राजलक्ष्मी म्हणाली. "तुम्ही बघायला आलात तेव्हा आठ हजार सांगितला होता. माझ्या बाबांनी आत येऊन सांगितलं, चार धर. चारच निघाला."

चोवीस वर्षांनी कळलं हे त्यांना. सासरेबुवा देवाघरी जाईपर्यंत आपल्याकडे बघून गालात का हसायचे, त्याचा उलगडा झाला. त्यांनी पायसची वाटी खाली ठेवली, आणि दुखावलेला मान सावरायला माणूस जे करतो तेच केलं. हिशोब केला. ऐंशीचे चाळीस, साठचे तीस, चंपाचे शून्य.

"पस्तीस," ते म्हणाले. "चाळीसच्या खाली. बी.कॉम."

हर्षिता उठली. "जी मुलगी नाहीये तिच्या पगारावर पायस केलंत, आणि जी समोर आहे तिला बी.कॉम.?" ती एवढ्या जोरात ओरडली की वरच्या मजल्यावर नव्या भाडेकरूंनी टीव्ही बंद केला, ऐकायला. "मी कुठलं काम करणार हे कुणाच्या लग्नावरून ठरवताय तुम्ही, अप्पा? बाकी कुणी नाही, त्या करंट बिल थकवणाऱ्या पोरावरून?" यावेळी दार आपटलं ते बिजागरीसकट हललं.

फी भरायला चार दिवस उरले होते. घरात कुणी कुणाशी बोलेना.

आणि रविवारी सकाळी दार वाजलं. दारात एक बाई, डोक्यावर पदर, हातात केळीचा घड, आणि मागे इस्त्रीच्या शर्टात घामाघूम झालेला एक पोरगा.

"चिकोडीची ठकुबाई मी," बाई म्हणाल्या. "ह्यो माझा सुहास, बियाण्याच्या कंपनीत हाय. फोन करून करून दमले, कुनी उचलंना. बायोडाट्यावर चुलत्याचा पत्ता हुता, म्हटलं, समक्षच बगू पोरगी. चंपीला बोलवा."

रघुपतीराव दारात तसेच. खोटं नवीन सुचेना, खरं तोंडातून निघेना. ठकुबाई त्यांना बाजूला सारून आत येऊन बसल्या पण. आवाज ऐकून महानंदा अक्का आल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या, कारण त्यांच्या विभागाचं काम होतं.

तेवढ्यात आतून राजलक्ष्मी कॉफी घेऊन आली. जांभळ्या साडीत. त्याच. ती त्या दिवशी तिनं का नेसली होती, हे विचारायची हिंमत रघुपतीरावांना आजतागायत झालेली नाही.

ठकुबाईंनी फोनकडे बघितलं, राजलक्ष्मीकडे बघितलं, परत फोनकडे. "पोरीची आई व्हय? तोंडवळा अगदी त्योच."

"पोरगी मीच," राजलक्ष्मी म्हणाली. "तुम्हाला यायला थोडा उशीर झाला."

आधी सुहास हसला. कॉफी नाकात गेली, ठसका लागला, तरी हसत होता. ठकुबाई मात्र घड घेऊन उठल्या. "थट्टा लावलीया? चिकोडीपासनं आलेली बाई मी!" अक्का मध्ये पडल्या. रघुपतीराव "सर्व्हे, सर्व्हे" म्हणत राहिले. या सगळ्या गलक्यात हर्षिता बाहेर आली आणि दाराला कडी घालून उभी राहिली.

"आलाच आहात तर एक सांगून जा," ती सुहासला म्हणाली. "तुम्ही ॲग्री झालात ना? पगार किती? खरा. इथे कुणाचं लग्न नाहीये."

"बासष्ट," ठकुबाई म्हणाल्या.

"एकतीस," सुहास म्हणाला. "लग्न नाहीये म्हणतायत ना, आई. मग कशाला?"

"बगा!" मध्येच अक्का ओरडल्या. "निम्मा! बरोब्बर निम्मा!"

"आणि हप्ता?"

"साडेअकरा. आधी बावीस पगार होता. तेव्हा हप्ता भरून पेट्रोलला आईकडे मागायचो. आईनं बांगडी मोडली एक."

"कशाला सांगतोयस रे गावाला?" ठकुबाईंनी पदर तोंडाला लावला.

"काम काय करता?"

सुहास आता सरळ बसला. "बियाणं उगवतंय का ते बघतो. शंभर दाणे ओल्या कागदात गुंडाळायचे, आठवड्यानं मोजायचे. ऐंशीच्या खाली उगवले तर लॉट परत. मालक चिडतो, डीलर चिडतो. परवा तर एकानं खुर्ची उचलली. पण मी परत म्हटलं की परत." त्यानं कप खाली ठेवला. "पगारासाठी भांडतोच मी. पण हे काम काढून घेतलं, तर त्याच्यासाठी जास्त भांडेन."

हर्षिता त्याच्याकडे बघत होती ती मुलगा बघतात तशी नाही. कांद्याच्या गोणीकडे बघायची तशी. "कुठला कागद?" तिनं विचारलं.

"हिला पण ॲग्रीच करायचंय, कर्ज काढून," राजलक्ष्मीनं ठकुबाईंना सांगितलं.

"अगं बाई, नगं," ठकुबाई म्हणाल्या. "कर्जाची पोर कोन करून घेतंय?"

"मग तुमच्या पोराचं कर्ज?" हर्षिता कडीवरचा हात न काढता म्हणाली.

"त्यो मुलगा हाय."

"मग तो फेडतो आणि मी काय, पेरते?"

 ठकुबाईंनी घडातली दोन केळी तोडून टीपॉयवर ठेवली, उरलेला घड उचलला, आणि सुहासला घेऊन निघाल्या. जाताना राजलक्ष्मीला म्हणाल्या, "साडी मातुर झ्याक हाय."

दार लागलं. रघुपतीरावांनी घसा खाकरला. "एकतीस," ते म्हणाले. "इतकी वर्षं काढल्यावर एकतीस. तिप्पट नाही. मला पण वाईट वाटतं, पण नियम..."

"नियमाचं सांगू?" राजलक्ष्मी त्यांच्यासमोर बसली. "माझ्या बाबांचा पण नियम होता. घरभाड्याच्या चौपट पगार नसेल तर पोरगी द्यायची नाही. तुमचा चार हजार, भाडं दीड. तुम्ही नापास झालात. बाबा आत येऊन म्हणाले, तोट्याचं स्थळ आहे, नको."

"मी? तोट्याचं?"

"तुम्ही."

"मग... दिली कशी?"

"मी म्हटलं, नियम तुमचा, संसार माझा. या माणसाबरोबर भांडायला मला आवडेल. एवढंच."

 चोवीस वर्षं रघुपतीरावांना वाटत होतं की आपल्या आठ हजारांवर सासरे भाळले. इकडे घरातलं सगळ्यात जुनं कर्ज ते स्वतःच निघाले, आणि फेडणारी समोर जांभळ्या साडीत बसली होती.

"नियम तुमचा, हप्ता माझा," हर्षिता दाराशी उभी राहून म्हणाली. आवाज आता खाली आला होता. "मी फेडीन, अप्पा. पहिली दोन वर्षं रडत फेडीन, तुमच्यासमोरच रडेन, तयारी ठेवा. सही तेवढी तुमची पाहिजे."

रघुपतीरावांनी त्या दोन केळ्यांतलं एक उचलून तिच्यापुढे केलं. मग म्हणाले, "सरी. ठीक आहे."

दुसऱ्या दिवशी बँक. गेटवरच्या वॉचमननं 'ॲग्री' हा शब्द ऐकला आणि त्यांना सरळ पीक कर्जाच्या टेबलावर पाठवलं. तिथल्या माणसानं मान वर न करता विचारलं, "पीक कोणतं?" "मुलगी," रघुपतीराव म्हणाले. "किती एकर?" "एकुलती एक आहे." तेव्हा त्यानं मान वर केली. तिथून त्यांना एज्युकेशन लोनच्या टेबलाकडे ढकललं. तिथला ऑफिसर नवा, हिंदीवाला. त्याच्या डोक्यावर एसीचं ड्रिलिंग चाललेलं, त्यामुळे तो ओरडूनच बोलायचा.

"अंकल, आप गॅरंटी देंगे ना? मंथली इन्कम?"

रघुपतीराव टेबलावर वाकले आणि पुटपुटले.

"ज़ोर से बोलिए, अंकल!"

बाजूलाच पासबुक छापायचं मशीन. ते नेहमीप्रमाणे अडकलेलं, आणि त्याच्यासमोर पंधरा माणसांची रांग, करायला काही नाही म्हणून कान टवकारून उभी. रांगेत तिसऱ्या महानंदा अक्का. रघुपतीरावांना त्या दिसल्या. गल्लीत त्यांनी आपला पगार नव्वद सांगितला होता. सत्यनारायणाला, गणपतीला, बारशाला, सगळीकडे नव्वद. शेजारी हर्षिता बसली होती, फाइल छातीशी धरून, मार्केटात दलालाशी भांडायच्या आधी श्वास घेते तसा श्वास घेऊन.

नेमकं तेव्हाच ड्रिल थांबलं.

"अठ्ठेचाळीस हजार," रघुपतीराव म्हणाले. खणखणीत. सगळ्या ब्रँचला ऐकू गेलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी आपला पगार जसा होता तसा सांगितला. आणि सही केली, एवढी दाबून की खालच्या दोन कागदांवर पण उमटली.

कर्ज मंजूर झालं, फी वेळेत गेली. त्या संध्याकाळी तिघं जेवायला बसली होती. हर्षितानं ओल्या कागदात शंभर मुगाचे दाणे गुंडाळून खिडकीत ठेवले होते आणि कुणाला तिकडे फिरकू देत नव्हती. रघुपतीरावांना छाती मोकळी वाटत होती. खरं बोलल्यावर अशी वाटते म्हणतात. तेवढ्यात महानंदा अक्का आल्या, हातात मोठा डबा. ज्वारीच्या भाकऱ्या, लोण्याचा गोळा, शेंगाचटणी.

डबा ठेवला आणि एकदम डोळ्याला पदर लावला.

"अण्णा, बँकेत आयकलं मी. अठ्ठेचाळीस सांगितलासा. म्हंजे चोवीसच की हो!"

"अहो अक्का, नाही. अठ्ठेचाळीसच."

"व्हय, व्हय," अक्का म्हणाल्या, तापात बडबडणाऱ्याला म्हणतात तसं. "आमी इतकी वर्सं नव्वद आयकून पंचेचाळीस धरत हुतो. म्हटलं, बरं चाललंय बिचाऱ्यांचं. आन् तुमी चोवीसात पोरीला कर्ज काढून शिकवायला निघालासा! लई मोठं मन हाय. लाजू नगासा. लागलं तर सांगा."

रघुपतीरावांनी तोंड उघडलं. पगाराची स्लिप आतल्या खोलीत होती, दोन मिनिटांत आणता आली असती. ते अर्धे उठले पण. तेव्हा टेबलाखालून राजलक्ष्मीनं त्यांच्या पायावर पाय ठेवला, आणि हर्षिता तोंडात भाकरी कोंबून हसू दाबत होती.

ते खाली बसले. भाकरीचा तुकडा मोडला, लोण्यात बुडवला, चटणीला लावला. खाल्ला. मग दुसरी भाकरी पुढे ओढली.

"अक्का," ते अगदी पडेल आवाजात म्हणाले, "उद्या पण आणाल?"